पुस्तकाला पाय लागला

मी नकला करतो. म्हणजे ते माझं काम नाही, काम लाईटचं आहे. पण मस्कतमध्ये मला लाईटवाला म्हणून ओळखणारी माणसं कमी आणि 'तो नकल्या' म्हणून ओळखणारी जास्त. लांज्याला शाळेत असताना मी हेडसरांचा आवाज काढून एकदा अख्खी आठवी ब मधल्या सुट्टीत घरी पाठवली होती. तेव्हापासून हे जे मागे लागलंय ते समुद्र ओलांडून आलं तरी सुटलेलं नाही.

माबेलाला आम्ही चौघं एका फ्लॅटमध्ये राहतो. कामावरून आलो की बूट काढायच्या आधी फर्माईश सुरू होते. "अर्बाबचा काढ रे." अर्बाब म्हणजे आमचा मालक. "खालच्या सुपरमार्केटवाल्याचा काढ." देवगडचा एक दादा आमच्यात आहे, हॉटेलात कूक आहे, तो तर गादीवर आडवा पडूनच ऑर्डर देतो, "हसव रे मेल्या जरा. आज त्या शेफान डोक्या खाल्ल्यान माझा." आणि मी करतो. अंगात त्राण नसलं तरी करतो. एखाद्या दिवशी नुसता गप्प बसलो तर तिघंही माझ्याकडे बघायला लागतात, "काय झालं? घरून फोन आला काय?" म्हणजे मला गप्प बसायचं असेल तर गावाला कोणाची तरी तब्येत बिघडायला पाहिजे.

तर त्या पुस्तकाचं सांगतो.

इथल्या एका संग्रहालयात परदेशातून एक जुनं पुस्तक यायचं होतं. आमच्या कंपनीला त्या खोलीचं लाईटचं काम मिळालं. कागदावर इंग्रजीत लिहून आलं होतं, 'इल्युमिनेटेड मॅन्युस्क्रिप्ट'. आमच्या ऑफिसातल्या हुशार माणसाने इल्युमिनेटेड म्हणजे लखलखीत असं धरलं आणि गाडीत एवढे फोकस भरले की तेवढ्यात एखादं लग्न लागलं असतं. मी आणि अंकल ते सगळं उतरवून आत घेऊन गेलो. अंकल म्हणजे आमचे सुपरवायझर, वसईचे, नाकाच्या शेंड्यावर चष्मा, रविवारी चर्च, इतर दिवशी कंपनी. माझ्या नकलेला आजपर्यंत न हसलेला जगातला एकमेव माणूस.

आत एक बाई उभ्या होत्या. काळा पायघोळ अबाया, पांढरे सपाट बूट. त्यांनी फोकस बघितले, मग आम्हाला बघितलं, आणि हिंदीत विचारलं, "ये किसका शादी है?"

त्या दक्तूरा. डॉक्टरीणबाई, पण माणसांच्या नाहीत, पुस्तकांच्या. ओमानीच. फाटलेली, किडलेली, भिजलेली पुस्तकं बरी करतात. त्यांनी समजावलं की इल्युमिनेटेड म्हणजे पानावर सोन्याने काम केलेलं. बाहेरून लाईट मारायचा नाही, उलट लाईट जितका कमी तितकं पुस्तकाचं आयुष्य जास्त. रंग उजेडात मरतात. ते सगळे फोकस आम्ही परत गाडीत घातले. येताना अंकल एवढंच म्हणाले, "तरी मला वाटलंच होतं." त्यांना नेहमी वाटलेलंच असतं.

मग मला त्या खोलीचा पास मिळाला. गळ्यात अडकवायचा, फोटोवाला. काम काय, तर लाईट एकदम बारीक ठेवायचा, मीटर धरून बघायचा, वाढला की कमी करायचा. दक्तूरा काही आठवड्यांनी पुस्तकाचं पान बदलायच्या, कारण एकच पान फार दिवस उजेडात ठेवता येत नाही. पान बदललं की त्या पानाच्या सोन्यावर चमक येणार नाही असा लाईट पुन्हा बसवायचा. एवढंच. आणि बोलायचं नाही. त्या खोलीत कोणी बोलतच नाही.

तुम्हाला सांगतो, इथे येऊन मी उन्हात खांबांवर चढलोय, पार्किंगचे लाईट लावलेत, खाबुऱ्याला एका शेतावरच्या हॉलच्या छपरावर मे महिन्यात वायरिंग केलंय, तिथे पक्कड हातात धरवत नव्हती. त्यानंतर ही खोली. थंड, अंधारी, गपगार. कोणी म्हणत नाही अमक्याचा आवाज काढ. पहिल्या दिवशी तिथे उभ्याउभ्या माझे खांदे खाली आले. ते वर होते हे मला तेव्हा कळलं.

आणि पुस्तक. कुठल्यातरी जुन्या काळातल्या एका राजपुत्राची सगळी कथा. लिहिलेलं मला वाचता येत नाही, पण चित्रं होती. जन्माचं चित्र होतं, त्यात पाळण्याभोवती दाढीवाले ज्योतिषी, सगळ्यांना एकदम काहीतरी सांगायचंय असे. मग पहिली शिकार. मग घोडा. मग लढाई, लढाई, लढाई. आकाश सोन्याचं, डोंगर जांभळे, घोडे निळसर. आणि गंमत म्हणजे सगळ्यांचा चेहरा एकच. गोल, पांढरा, बारीक डोळे. मारणाऱ्याचा तोच, मरणाऱ्याचाही तोच. मान उडालीय तरी चेहऱ्यावर काही नाही, जसा काही बसची वाट बघतोय. माझ्यासारख्याला त्यात पकडायला काहीच नव्हतं. नक्कल करायची कशाची? मला ते फार बरं वाटायचं.

एक पान मात्र डोक्यात बसलं. राजपुत्र छावणीत बसलाय. बाजूला तंबू, मागे झेंडे, कोणीतरी मोठं ताट घेऊन येतंय. आणि एक नोकर खाली बसून त्याचा बूट ओढतोय. बूट निघत नाहीये. राजपुत्राने एक हात मागे टेकलाय आणि मान थोडी, अगदी थोडी, एका बाजूला टाकलीय. चेहरा तोच, पण ती मान! मी रोज माबेलाच्या फ्लॅटवर दारात अशीच टाकतो. मी मीटर हातात धरून तिथेच उभा राहिलो.

दक्तूरा म्हणाल्या, "क्या देखता है?"

मी म्हटलं, "दक्तूरा, ये घर कब जाता है?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. म्हणाल्या, "इन्शाल्ला." आणि पुढे कामाला लागल्या.

तेव्हापासून मी ठरवलं की हा घरी पोचेपर्यंत आपण ही खोली सोडायची नाही. कंपनीने मला दुसऱ्या साईटवर टाकायचं म्हटलं तर काहीतरी करून टाळायचं. पुस्तक इथे असेपर्यंत पानं बदलत राहणार, आणि शेवटच्या पानापर्यंत मी आत राहणार. दुसरं काही मला नको होतं.

आता दक्तूरांची नक्कल मी केली होती, हे इथे सांगायला हवं. त्याशिवाय पुढचं कळणार नाही. संग्रहालयाच्या मागे सामान उतरवायची जागा आहे, तिथे आमची पोरं चहा पीत होती आणि त्यांना हसायचं होतं. दक्तूरांची चाल एकदम पकडण्यासारखी. दोन्ही हात पुढे, रिकामे असले तरी पुढे, जसं काही हातात काठोकाठ भरलेलं दुधाचं पातेलं आहे. आणि तोंडाने सारखं "शुवै, शुवै". म्हणजे हळू, हळू. मधेच 'यल्ला', म्हणजे चला. मी चाललो, "शुवै, शुवै, यल्ला शुवै" करत. पोरं लोळली. आणि मग एकदम सगळी उठून उभी राहिली. माझ्या मागे दक्तूरा.

त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "शुवै इतना जल्दी नहीं बोलता," आणि गेल्या.

एवढंच झालं. पण तेव्हापासून मी त्यांच्या खोलीत फार जपून असायचो.

मग तो दिवस. पान बदलायचं होतं. पुस्तक काचेच्या पेटीतून बाहेर काढून बुटक्या टेबलावर, उतरत्या उशीवर ठेवलं होतं. दक्तूरांची एक पद्धत होती. हात धुवायचे, पुसायचे, मग डोळे मिटून उजवा हात छातीवर ठेवायचा, ओठात काहीतरी म्हणायचं, आणि दोन बोटं पुठ्ठ्याच्या कोपऱ्याला लावून मगच पुस्तक उघडायचं. त्या दिवशीही तसंच केलं. पान उलटलं. नवीन चित्रात राजपुत्र आणि त्याची माणसं बर्फातून चालली होती, घोडे हातात धरून.

नेमका वरचा एक दिवा थरथरायला लागला. मी शिडीवर चढलो. अंकल शिडी धरून वर दिव्याकडे बघत होते. दक्तूरा पान दाबून धरायच्या पट्ट्या घ्यायला मागच्या कपाटाकडे वळल्या होत्या. मी दिवा घट्ट बसवला आणि उतरायला लागलो. शेवटची पायरी सोडून पाय जमीन शोधत होता, तर बुटाचं टोक कशाला तरी लागलं. मऊ, मग कडक.

पुस्तकाचा पुठ्ठा.

पुस्तक हललं पण नाही. पण मी लांज्याच्या शाळेत वाढलोय. आमच्याकडे वहीला पाय लागला, पाटीला लागला, अगदी कोणाच्या भूगोलाच्या पुस्तकाला बाकाखाली लागला, तरी अख्खा वर्ग ओरडायचा, "विद्येला पाय लागला! नमस्कार कर!" आणि नाही केला तर परीक्षेत नापास, ह्याबद्दल कोणाच्याच मनात शंका नव्हती. ते हातात जाऊन बसतं. डोक्यात नाही, हातात. मी खाली वाकलो, उजव्या हाताची बोटं पुस्तकाला लावली, कपाळाला लावली, छातीला लावली. बोटं लागली ती उघड्या पानाच्या खालच्या कोऱ्या पट्टीला. शिडीचं काळं लागलेली बोटं.

आणि दक्तूरा त्याच क्षणी वळल्या.

त्यांना पाय दिसला नाही. त्यांना दिसलं एवढंच की मी पुस्तकाला बोटं लावतोय आणि हात छातीशी नेतोय. त्यांच्यासारखा.

त्या काही ओरडल्या नाहीत. श्वास आत घेतला फक्त. मग इतक्या हळू म्हणाल्या की ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. "तुम मेरा नकल करता? किताब पे?"

मी म्हटलं, "नहीं नहीं दक्तूरा! नकल नहीं!"

"फिर क्या?"

आता मला सांगा, 'पाय लागला' ह्याला हिंदीत काय म्हणतात? मी घाबरलेलो, मी सरळ भाषांतर केलं. "दक्तूरा, किताब को पैर लगा! मेरा पैर लगा, इसलिए किया!"

मराठीत ह्या वाक्यात पश्चात्ताप आहे. हिंदीत काही नाही. त्यांच्या कानाला तर एवढंच गेलं की ह्याने पुस्तकाला लाथ मारली, आणि वर सांगतोय की म्हणून हात पण लावला. त्यांचा चेहरा असा झाला की मला राजपुत्राच्या पुस्तकातले चेहरे आठवले. काहीच नाही त्यावर.

"पैर मारा? इसको?"

"मारा नहीं! लगा! खुद लगा!"

"खुद कैसे लगेगा पैर?"

मी अंकलकडे बघितलं. चर्चला जाणारे असले तरी शाळा आमच्यासारख्यांच्याच बरोबर केलीय त्यांनी, त्यांना सगळं माहीत. एक वाक्य बोलले असते की काम झालं असतं. अंकल शिडीकडे बघत होते. शिडीला काय झालं होतं देव जाणे.

मग मीच सुरुवात केली. शाळा, पाटी, विद्या, नमस्कार, नापास. अर्धं हिंदी, अर्धं हातवारे, मधे एक दोन अरबी शब्द, ते पण चुकीचे. दक्तूरा ऐकत होत्या. सगळं झाल्यावर म्हणाल्या, "दिखाओ. फिर से करो."

पुस्तकापासून लांब, हे त्यांनी हाताने दाखवलं, मला भिंतीकडे सरकवलं.

आणि मला ते जमेना.

मी, ज्याने अर्बाब केला, हेडसर केले, सुपरमार्केटवाला त्याच्या खोकल्यासकट केला, तो मी स्वतःचा नमस्कार करायला गेलो आणि तो खोटा झाला. हात जरा जास्तच खाली गेला. कपाळाशी थोडा थांबला. डोळे मिटले, जे मी आधी मिटलेच नव्हते. मी परत केलं. अजून वाईट. तिसऱ्यांदा करताना मला स्वतःलाच वाटलं की हा पोरगा बाईंची टर उडवतोय. माझे कान गरम झाले. मी थांबलो. म्हटलं, "नहीं आता."

मी पास गळ्यातून काढायला हात वर नेला.

"रुको," दक्तूरा म्हणाल्या. "ये अभी वाला नकल है. तीनों नकल है. पहले वाला नकल नहीं था."

मला कळायला वेळ लागला. त्यांचं कामच ते आहे. कुठलं सोनं तेव्हाचं, कुठलं मागाहून कोणी भरलेलं. कुठली रेघ चित्रकाराची, कुठली दुरुस्त करणाऱ्याची. आयुष्यभर खरं आणि त्याच्यासारखं दिसणारं वेगळं करत बसलेली बाई. त्यांनी पहिला नमस्कार अर्धाच बघितला होता, डोळ्याच्या कोपऱ्यातून, पण तेवढा त्यांना पुरला.

मग त्या म्हणाल्या, "टॉर्च लाओ. बाजू से पकड़ो."

मी लहान टॉर्च आडवी धरली, पानाला समांतर, तशी धरली की कागदावरची प्रत्येक सुरकुती उभी राहते. त्या भिंग घेऊन वाकल्या. माझी बोटं सापडली. दोन राखाडी डाग, पुसट. आणि त्यांच्या बाजूलाच, टॉर्चच्या उजेडात, दुसरे. तपकिरी, जुने, पानाच्या खालच्या कोपऱ्यात एकावर एक बसलेले अंगठे. कोणाकोणाचे, किती काळाचे. वर चित्रात बघितलं तर राजपुत्राच्या घोड्याचं कपाळ झिजून पांढरं पडलं होतं. बाकी घोडे शाबूत, हाच झिजलेला.

"सब हाथ लगाता था," दक्तूरा म्हणाल्या. "बरकत के लिए. सब तुम्हारे जैसा आदमी." मग कापसाच्या बोळ्याने माझा डाग टिपत, वर न बघता, "इसलिए मेरा नौकरी है."

हे त्या हसून म्हणाल्या की नाही ते मला दिसलं नाही. मी टॉर्च धरून उभा. हात भरून आला तरी धरून. डाग बराचसा गेला. सगळा नाही.

मग त्या सरळ झाल्या आणि हात पुढे केला. मला वाटलं टॉर्च मागतायत. मी टॉर्च दिली. त्यांनी ती टेबलावर ठेवली आणि हात परत पुढे केला.

पास.

"तुमको मानती मैं," त्या म्हणाल्या. "झूठ नहीं बोला तुम. लेकिन तुम्हारा हाथ दिमाग से पहले चलता है. वो अच्छा है. बाहर. इधर नहीं."

मी पास दिला. भांडायला काही नव्हतंच. त्यांच्या जागी मी असतो तर मीही काढून घेतला असता, आणि एवढं नीट बोललो पण नसतो.

दाराशी पोचल्यावर मात्र राहवलं नाही. वळून विचारलं, "दक्तूरा, आखिर में घर पहुँचता है वो?"

त्या पुस्तक पेटीत ठेवत होत्या, दोन्ही हात पुढे, शुवै, शुवै. म्हणाल्या, "मालूम नहीं. आखिरी पन्ना नहीं है. बहुत पहले किसी ने निकाल के बेच दिया. जो है उसमें वो रास्ते में है."

म्हणजे मी ज्याची वाट बघत होतो ते त्या खोलीत नव्हतंच. सगळे पास गळ्यात घालून शेवटपर्यंत उभा राहिलो असतो तरी मला बर्फातून चाललेली माणसंच दिसली असती, फार तर बर्फ संपल्यावर वाळूतून.

गाडीत अंकल चालवत होते. हायवेला माबेलाच्या दिशेने नेहमीचीच गर्दी, पुढे सगळे लाल दिवे. ऑफिसातून त्यांना फोन येऊन गेला होता. उद्यापासून मी इब्राला, सूकच्या, म्हणजे बाजाराच्या, बाजूला दुकानांच्या लाईनीचं काम. बाहेरचं. उन्हातलं. हे सांगून झाल्यावर त्यांनी चष्मा वर सरकवला. मग म्हणाले, "खरंच पाय लागला होता काय रे?"

मी म्हटलं, "हो अंकल."

"मला दिसला नाही. मी वर बघत होतो." थोडी गाडी पुढे सरकली. "मला वाटलं तू बाईंची नक्कलच करतोयस. म्हणून बोललो नाही."

"तुम्हाला पण?"

"अरे, तुझं कळत नाही ना कधी," अंकल म्हणाले. वाईट वाटून म्हणाले, त्यांचं खोटं नव्हतं. "नाहीतर सांगितलं असतं मी त्यांना. आमच्या वर्गात पण पोरं करायची. मी पण करायचो."

ज्या बाईला आमची शाळा माहीत नाही, पाटी माहीत नाही, तिने ओळखलं. आणि एवढी वर्षं रोज ह्या गाडीत माझ्या शेजारी बसणाऱ्या माणसाला वाटलं की पोरगा टाईमपास करतोय. चूक अंकलची नाही. मी सगळ्यांना तेच तर शिकवलंय.

मी सीट मागे टाकली. बूट पायातच होते, काढायची इच्छा होती पण वाकवत नव्हतं. अंकल म्हणाले, "झोप जरा. पोचलो की उठवतो."

मी डोळे मिटले आणि कोणाचाही आवाज काढला नाही.